धाकटीची जागा

अडेरोने टोपली उतरवली आणि पहिला दगड ठेवला तो पाद्री कार्व्हरच्या घराच्या उजव्या अंगाला, त्याच्या मडमेच्या गुलाबाच्या वाफ्याला लागून. मग दुसरा, मग तिसरा. तिन्ही दगड तिच्या स्वतःच्या चुलीचे होते. पाठीवर तान्ही मुलगी आणि मागे चार वर्षांचा मुलगा, हातात पळी घेऊन.

रविवारची सकाळ होती. मिशनच्या आवारात बाप्तिस्म्यासाठी पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीने उभी होती. सगळ्यांत पुढे अडेरोचा नवरा ओगोला, त्याच्या शेजारी त्याची थोरली बायको अमोंडी. ओगोला गावच्या मुखियाचा भाऊ. तो बाप्तिस्म्याला तळ्यात उतरला की अर्धं गाव मागोमाग उतरणार होतं. पाद्र्याने हा दिवस अकरा वर्षं खपून जुळवून आणला होता. अट एकच होती, धाकटीला सोडायची. ओगोलाने ती मागच्याच रविवारी सोडली आणि आज तो आपल्या पायाचे अंगठे न्याहाळत उभा होता.

"हे काय चाललंय?" पाद्र्याने व्हरांड्यातून विचारलं. आमची भाषा त्याला रागावण्यापुरती उत्तम येत होती.

"चूल मांडतेय," अडेरो म्हणाली. "बाईला घरातून काढणाऱ्याने तिला घर द्यायचं. मला तुम्ही काढलंत. नवरा तर बिचारा दोनदा रडला." मग ती मडमेकडे वळली. "थोरल्या बाई, मी धाकटी. धाकटीची चूल उजव्या अंगाला. माझी जागा बरोबर आहे ना, की जरा मागे सरकू?"

बायका फिसकन हसल्या. एडिथ मडमेला एक अक्षर कळलं नाही. तिची नऊ वर्षांची रूथ पायरीवर बसली होती. इथेच जन्मलेली पोर, तिला सगळं कळलं आणि तिने ते आईला जसंच्या तसं सांगितलं. मडमेची मान लालभडक झाली.

"तू बापाच्या घरी जा," पाद्री म्हणाला.

"कशी जाऊ? माझ्या लग्नात नवऱ्याने बापाला दिलेल्या गाई देऊन भावाने बायको आणली. मी परत गेले की गाई परत, आणि गाई परत की त्याची बायकोही परत. मग तीही इथेच येईल. गुलाब उपटून ठेवा."

"आणि मुलांची काळजी करू नकोस," पाद्री तिचं न ऐकताच म्हणाला. "ती ओगोलाकडे राहतील. आपण त्यांना शाळेत घालू."

अडेरोचं हसू गेलं. "ही अजून अंगावर पिते."

"अमोंडी आहे ना."

मुलं हातची जातील, याच एका भीतीने ती पहाटेपासून तीन दगड डोक्यावर घेऊन चालत आली होती. तिने मुलाला जवळ ओढलं. पाद्र्याला तिची दया आली. तो वाईट माणूस नव्हता. असता तर परवडला असता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "स्वयंपाकघरामागची झोपडी हिला द्या. पोतंभर ज्वारी द्या." मग स्वतः कोठारात गेला, एक नवी कुदळ घेऊन आला आणि ती त्याने तिच्या हातात दिली.

मग एका म्हातारीने जीभ टाळ्याला लावून लग्नातली किलकारी मारली आणि सगळ्या बायकांनी ती उचलून धरली.

"आता काय झालं यांना?" मडमेने विचारलं.

"बाबांनी तिला घर दिलं, धान्य दिलं, कुदळ दिली," रूथ म्हणाली. "सगळ्यांच्या देखत. आपल्याकडे नवराच देतो हे."

"आपल्याकडे?" मडम म्हणाली. ती उठून वाफ्यापाशी आली आणि तिने पायाने एक दगड लोटून दिला. "बाहेर!" एवढा एक शब्द तिला आमच्या भाषेत येत होता. पाठीवरची मुलगी दचकून रडू लागली.

पाद्र्याचाही तोल गेला. "हिला फाटकाबाहेर काढा," त्याने चर्चच्या दोघा माणसांना सांगितलं. "मुलं ओगोलाच्या हवाली करा."

एकाने मुलाचं मनगट धरलं. अडेरो कुदळ उगारून उभी राहिली. ओगोलाने मान वर केली नाही.

तेव्हा अमोंडी ओळीतून बाहेर आली. लोक चटकन बाजूला झाले, कारण या दोघींची भांडणं सगळ्या तळ्याकाठाला ठाऊक होती. शेळीवरून, पाण्यावरून, नवऱ्याच्या ताटातल्या माशावरून. गेल्याच महिन्यात दोघींनी घाटावर एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या. अमोंडीने त्या माणसाच्या हातातून मुलाचं मनगट सोडवलं आणि ती पाद्र्यासमोर उभी राहिली.

"सहा वर्षं भांडतेय मी हिच्याशी," ती म्हणाली. "बया एक दिवस सुखाने जेवू देत नाही. पण हिची चूल मी कधी उचलायला लावली नाही. तुम्ही कोण लागून गेलात?"

"अमोंडी, आज तुझा बाप्तिस्मा आहे."

"त्याला द्या. तो भिजायला तयारच आहे." मग ती अडेरोवर खेकसली, "बघतेस काय तोंडाकडे? उचल ते दगड. भांडायचं ते घरी भांडू."

अडेरोने दगड टोपलीत भरले. कुदळ तिने ठेवून घेतली. दोघी ओगोलाकडे न बघता फाटकाबाहेर पडल्या, मुलगा मध्ये.

पाद्र्याने प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले, पण कान रस्त्याकडे होते. तिकडून दोघींचा चढा आवाज येत होता. रडणाऱ्या मुलीला कुणी घ्यायचं, यावरून जुंपली होती.