निरीक्षकाचे मत

निरीक्षकाने भेट संपेपर्यंत बोलायचे नाही, असे फॉर्मवर ठळक अक्षरांत छापले होते. राजेश्री दाराजवळ बसली, फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि पेनाचे टोपण काढले.

अपेक्षा आत, धुरपताबाईच्या शेजारी जमिनीवर बसली होती. झरीच्या केंद्राला केंद्रप्रमुख हवी होती. मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी काम करणाऱ्या त्यांच्या संस्थेने यंदा बाहेरून माणूस न आणता आपल्यातलेच कुणी तयार करायचे ठरवले होते. उमेदवाराने एक गृहभेट घ्यायची, जुन्या कार्यकर्तीने ती पाहायची आणि मत लिहायचे. राजेश्रीला संस्थेत चौदा वर्षे झाली होती, अपेक्षाला तीन. उमेदवार अपेक्षा होती.

गृहभेट कशी घ्यायची हे तिला राजेश्रीनेच शिकवले होते.

प्रश्न धुरपताबाईच्या नातीचा, त्रिवेणीचा होता. ती सातवीत होती. दसरा झाला की तिचे आईवडील टोळीबरोबर ऊस तोडायला जात आणि तिलाही नेत. शाळा तिथेच थांबे. पोरीला आजीजवळ ठेवा, हे सांगायला राजेश्री सलग दोन वर्षे या घरी आली होती. दोन्ही वेळा त्रिवेणीचा बाप मुंजाजी हो म्हणाला आणि दोन्ही वेळा दिवाळीनंतर पोरीची वर्गातली जागा रिकामी होती.

आता अपेक्षा मुंजाजीकडे वळेल, शाळेचे महत्त्व सांगेल आणि तो मान डोलावेल, याची राजेश्री वाट पाहत होती. मध्येच ती थोडी अडखळावी, असेही तिला वाटत होते.

अपेक्षा मुंजाजीशी दोन शब्द बोलली आणि म्हातारीकडे वळली. ही सगळी गेल्यावर तुमचा दिवस कसा जातो, पाणी कोण भरते, बोलायला कोण येते, असे तिने विचारले. धुरपताबाई तुटक बोलत होती. मग ती थांबली आणि अपेक्षाही काही बोलली नाही. चुलीपाशी त्रिवेणी भाकरी थापत होती, तेवढाच आवाज. राजेश्रीने फॉर्मवर लिहिले, ‘संवादात खंड पडतो.’

तेव्हा म्हातारी म्हणाली, “दिवे लागले की मला दिसत न्हाई. पोर रातचं परसाकडं गेली तर तिच्यासंग कोण जाईल? वयात आलेली पोर. मला नगं ती जोखीम.”

मुंजाजी आईकडे बघत राहिला. पोरीचे करायचा आईला कंटाळा येतो, अशी त्याची समजूत होती.

राजेश्रीच्या तोंडून निघून गेले, “हे मला कधी सांगितलं न्हाई तुमी.”

“तुमी इचारलंच कुठं, बाई? तुमी सांगायच्या, आमी व्हय म्हणायचो.”

मुंजाजी मोठ्याने हसला. अपेक्षा हसली नाही. या वेळी आजीशी बोल, असे राजेश्रीताईंनीच आपल्याला सांगून पाठवले, असे ती म्हणाली. ते खरे नव्हते. मुंजाजीचे हसणे राजेश्रीने सहन केले असते, पण अपेक्षाने असे सावरून घेणे तिला सहन झाले नाही.

पुढचे भराभर झाले. अपेक्षाने शेजारच्या तानुबाईला बोलावून घेतले. तिच्या घरी संडास होता आणि दोन सुना होत्या. पोरीने आजीकडे जेवावे आणि झोपायला आमच्याकडे यावे, त्यात काय एवढे, असे तानुबाई म्हणाली. भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

“मग ऱ्हाऊ दे तिला,” धुरपताबाई म्हणाली. मुंजाजीनेही तेच म्हटले. डोळे दाखवायला म्हातारीला दवाखान्यात कधी न्यायचे, तो वार ठरवून अपेक्षा उठली.

बाहेर स्कूटीचे पुढचे चाक फिरत नव्हते. सकाळच्या पावसाने काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसली होती. अपेक्षाने काडी घेतली, काडीने निघेना तेव्हा बोटे घातली. राजेश्री ओट्यावर बसून उरलेला फॉर्म भरू लागली. शेवटी मतासाठी चार ओळी होत्या आणि त्याखाली दोन सह्या. उमेदवाराने मत वाचून सही करायची, असा नियम होता.

राजेश्रीने लिहिले, ‘उमेदवार स्वतः पुढाकार घेत नाही. निरीक्षकाने आधी दिलेल्या सूचनेमुळे भेट यशस्वी झाली. जबाबदारी देण्यापूर्वी आणखी दोन वर्षांचा अनुभव आवश्यक.’ खाली तिने सही केली.

“काय लिहिलं, ताई?” अपेक्षाने चाकापासूनच विचारले. “वाचा की. माझे हात भरलेत.”

राजेश्रीने फॉर्म डोळ्यांसमोर धरला.

“ऐकून घेण्याची हातोटी चांगली आहे,” ती सावकाश म्हणाली. “कुटुंबाचा विश्वास लवकर मिळवते. जबाबदारी देण्यास योग्य.”

“आन् कमी काय?”

“कमी काय न्हाई.”

“असं कसं? माझ्यात काय तरी कमी काढल्याबिगर तुमाला जेवण जात न्हाई.”

अपेक्षाने बाटलीतल्या पाण्याने हात धुतले आणि ओढणीला पुसत ओट्यापाशी आली. नखांत माती तशीच होती. कागद घ्यायला तिने हात पुढे केला. भिजेल, असे म्हणून राजेश्रीने तो स्वतःच धरून ठेवला. मताच्या चार ओळींवर तिने तळहात पसरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने खालची रिकामी जागा दाखवली.

अपेक्षा वाकली आणि त्या बोटाशेजारी आपले पूर्ण नाव लिहू लागली.