नाकाची जागा

“अहवालाच्या मुखपृष्ठावर हा मातीचा चेहरा घेऊ. तुटलंय तिथे फक्त एक सरळ नाक काढा, शैलाताई,” उत्खननाचे प्रमुख हर्डीकर सर म्हणाले.

“जे सापडलं नाही, ते मी काढत नाही, सर.”

चेहरा संग्रहालयात गेला होता. माझ्याकडे होतं ते मी काढलेलं त्याचं त्याच मापाचं चित्र. तुटलेल्या कडेची खाच न् खाच मी त्यात उतरवली होती. नाकाची जागा कोरी.

पुढच्याच आठवड्यात खणलेली माती चाळताना चाळणीत एक तुकडा राहिला. सरांनी तो धुऊन त्या कोऱ्या जागेवर ठेवला. कडेला कड बसली. मध्ये केसही मावला नसता.

 मग सर स्वतःची पेन्सिल माझ्यापुढे धरून म्हणाले, “आता काढा.”

मी काढलं. बसकं, रुंद, थेट माझ्यासारखं.