गप्प बसण्याचा गुन्हा

२००३ साली कतारमधल्या दोह्यात क्वेकर या ख्रिस्ती पंथाची माणसं दर शुक्रवारी एका फ्लॅटमध्ये मूक प्रार्थनेला जमत. बेकायदा सभेची तक्रार झाली आणि मालकानं दाराला कुलूप ठोकलं. पुढच्या शुक्रवारी सगळे जिन्यातच डोळे मिटून बसले. वॉचमन रंगनाथ कासावीस झाला. “लवीनाताई, उठा! पोलीस आलेत. माझी नोकरी जाईल.” त्यांच्यातली वसईची नर्स लवीना म्हणाली, “तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात आमच्या लोकांना प्रार्थनेपायी तुरुंगात डांबलं, तेव्हा त्यांची पोरं त्यांच्या जागी प्रार्थनेला येऊन बसली. आम्ही कसं उठायचं?” पोलिसानं वर येऊन रंगनाथला दरडावलं, “भाषण कोण देतं?” “कुणीच नाही, साहेब. गप्प बसणं गुन्हा असतो का?” नुसते श्वास ऐकू येत होते. थबकलेला पोलीस हलक्या पावलांनी उतरला. रंगनाथचा मोबाइल वाजला. मालकाचा फोन होता. शांतता मोडवेना म्हणून रंगनाथनं तो बंदच केला.