गेले

"गेले हो, गेले!" शेजारच्या तारावहिनींची किंकाळी ऐकून शालन धावली. त्यांचे यजमान बापूराव जेवता जेवता जमिनीवर कोसळले होते. भिंतीवरच्या आरोग्ययंत्राने वहिनींचा 'गेले' हा शब्द शब्दशः घेतला आणि निघालेली रुग्णवाहिका परत फिरवली.

"मृत्यूची नोंद झाली आहे. पार्थिवाला हात लावू नये," यंत्र मंजुळ आवाजात म्हणालं.

"तुझ्या जिभेला काही हाड?" शालन कडाडली. तीस वर्षं तिने सूतगिरणीत प्रथमोपचार शिकवले होते. घरोघरी ही यंत्रं आली आणि तिचा वर्ग बंद पडला. तिने एका हातावर दुसरा हात ठेवला आणि बापूरावांच्या छातीच्या मधोमध सगळा भार देऊन दाबायला सुरुवात केली. "एक, दोन, तीन..."

"पार्थिवाची विटंबना हा गुन्हा आहे."

"विटंबना तू चालवली आहेस, मेल्या!" तिचे हात भरून आले, तेव्हा तिने वहिनींना दाबायला लावलं आणि स्वतः मोजत राहिली.

अखेर बापूरावांनी मोठा श्वास घेतला, डोळे उघडले.

"आता तरी गाडी बोलाव!"

"मृतांसाठी रुग्णवाहिका मिळत नाही," यंत्र म्हणालं. "नोंदीबाबत तक्रार असल्यास मृत व्यक्तीने स्वतः अर्ज करावा."