चिठ्ठीवरचं नाव

माझे वडील आप्पा नऊ वर्षं नांदूरघाटच्या माळावरून हिवराच्या पानांवरल्या गाठी आणून बरणीत ठेवत होते, पण दरवेळी त्यांतून त्या गाठी करणाऱ्या माशीला खाऊन वाढलेले दुसरेच किडे निघाले. आज खरी माशी निघाली, तर जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या आप्पांची नजरच गेलेली. म्हणून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी तिच्या मिशीचे मणी मोजत होते. चौदा भरले तर जात नवी. बारा भरले तर जुनीच, नाव मिळालेली. शेजारच्या चिठ्ठीवर आप्पांनी चाचपडत नव्या जातीचं नाव लिहून ठेवलं होतं, माझ्या आईचं. शेवटच्या आजारपणातही ती गाठी तोडायला जायची. मी दोनदा मोजले. "चौदा भरले, आप्पा." ते हसले नाहीत. चिठ्ठीसाठी हात पुढं केला. "चौदा मोजायला एवढा वेळ लागत न्हाई, अंजे. तुझी आई बाराला बाराच म्हणली असती."