मायची डबी

सूज डोळ्याखाली आली होती, तरी चार वर्षांची नूतन तोंड उघडेना. दातांच्या डॉक्टरबाई तालुक्याला फक्त मंगळवारी येतात, म्हणून आम्ही पाच दिवस घरीच काढले होते. “भाऊ, दाताला काय लावलं?” त्यांनी विचारलं. “नस. हिची माय तेच लावे.” “तंबाखूची पूड? लेकराला? माय कुठं आहे?” “तोंडाच्या कॅन्सरनं गेली.” डॉक्टरबाईंनी नूतनच्या मुठीतल्या डबीकडे पाहिलं. “आज दात पाहू दिला नाही, तर सूज डोळ्यात जाईल.” मी डबी ओढून घेतली, पूड बेसिनमध्ये ओतली, डबी साबणानं धुतली आणि परत तिच्या हातात दिली. “घे, याच्यात तुया दात ठेवू.” तिनं झाकण उघडून नाक लावलं. “बाबा, मायचा वास गेला,” म्हणत तिनं भोकाड पसरलं. उघड्या तोंडात बाईंनी आरसा घातला. माझंही रडू फुटू नये म्हणून मी माझं तोंड घट्ट मिटलं.