एक दिवस जास्त

पृथ्वीला वळसा घालून पेरुचो तीन वर्षांनी गेटारिया बंदरात, आपल्या घरी परतला. बायकोने, ओचांदाने, पुढ्यात भाजलेल्या तारल्या ठेवल्या.

“परत मासे? अगं, मटण कर की!”

“शुक्रवारी मटण? चर्चला आज मासेच चालतात. नरकात जायचंय का?”

“आज गुरुवार आहे. जहाजावर रोज सकाळी फळीवर खूण करत होतो. अकराशे दोन. एक चुकली नाही.”

“मी दाराच्या चौकटीवर करत होते. अकराशे तीन. माझीही चुकली नाही.”

पेरुचो हातातला पाव विसरला. “म्हणजे कप्तान खरं बोलत होता! सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे जात पृथ्वीला वळसा घातला की एक दिवस हरवतो.”

ओचांदाने ताट त्याच्याकडे सरकवलं.

“तुझा हरवला. मी तोही दारात उभं राहून काढलाय. जेव आता.”